जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी: पडद्यावर चित्र आणण्याचा क्रम

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली मुक्त संगणक प्रणाली बसवून लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणि लॉगिनची एक ओळ एवढेच दिसते. लिनक्सच्या तयार वितरणांची सवय असलेल्याला बसवणी अर्धवट राहिली असे त्या वेळी वाटते, पण तसे काही झालेले नसते. या प्रणालीत चित्रमय पडदा हा मूळ प्रणालीचा भाग नाही. तो वापरणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे वर रचायचा असतो. ही रचना चार थरांची असते: कर्नलमधला (प्रणालीच्या गाभ्यातला) ग्राफिक्स ड्रायव्हर, त्यावर पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर, त्यावर खिडक्या सांभाळणारा डेस्कटॉप, आणि सर्वांत वर फाँट आणि कळफलक. खालचा थर नीट चालतो आहे याची खात्री होईपर्यंत वरच्याला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले तर हे काम एका दुपारी सहज आटोपते. बहुतेकांचे गाडे अडते ते चारही थर एकदम बसवल्यामुळे, कारण पडदा काळा राहिला तर दोष कोणत्या थरात आहे हे मग कळत नाही.

हे मार्गदर्शन नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर किंवा कॉलेज रोडवर दुकानात सहज मिळणाऱ्या, एखाद्या कंपनीच्या वापरातून बाहेर पडलेल्या इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपसाठी लिहिले आहे. प्रणाली फ्रीबीएसडीची १४ वी मालिका आहे असे धरले आहे. सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात, आणि जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

सुरुवातीला दोन तयाऱ्या कराव्यात. पहिली इंटरनेटची. जुन्या लॅपटॉपमधले वायफाय कार्ड फ्रीबीएसडीला ओळखता येईलच असे नाही, आणि एक्स सर्व्हर व डेस्कटॉप मिळून बराच मोठा डेटा उतरवावा लागतो. लॅन केबल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करावे, रूट म्हणजे प्रशासकाच्या खात्यातून ‘केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस’ ही आज्ञा द्यावी आणि मग ‘डीएचक्लायंट यूई०’ अशी आज्ञा देऊन पत्ता घ्यावा. वायफायशी झटापट करायची तर ती पडदा दिसू लागल्यावर, ब्राउझरमध्ये दस्तऐवज उघडून करता येते.

दुसरी तयारी परतीच्या वाटेची. बसवताना झेडएफएस ही फाइल-प्रणाली निवडली असेल तर ‘बीईसीटीएल क्रिएट आधीचे’ अशा धर्तीची आज्ञा देऊन सध्याच्या चालू स्थितीची प्रत ठेवावी. नाव अर्थातच रोमन अक्षरांत हवे. पुढे काही बिघडले तर सुरुवातीच्या मेनूतून ही प्रत, म्हणजे जुने बूट एन्व्हायर्न्मेंट, निवडता येते आणि यंत्र होते तसे उभे राहते. या आज्ञेला जागा नगण्य लागते आणि वेळ क्षणाचा, त्यामुळे ती टाळण्याला कारण नाही.

आता पहिला थर. यंत्रात कोणते ग्राफिक्स आहे हे ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ या आज्ञेने दिसते. यादी लांब येते. तिच्यात व्हीजीएपीसीआय० या नावाने सुरू होणारा भाग शोधावा आणि त्याखालची निर्मात्याची व उपकरणाची ओळ वाचावी. इंटेल असेल तर मॉड्यूलचे, म्हणजे कर्नलमध्ये भरायच्या ड्रायव्हरच्या तुकड्याचे, नाव आय९१५केएमएस. एएमडी असेल तर एचडी ७००० मालिकेनंतरच्या चिपसाठी एएमडीजीपीयू आणि त्याआधीच्यांसाठी रेडिऑनकेएमएस. एनव्हिडिया असेल तर मार्ग वेगळा आहे, कारण तिथे कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजातून घ्यावा लागतो. आणि इंटेल व एनव्हिडिया दोन्ही असलेल्या लॅपटॉपवर सुरुवातीला इंटेलवरच काम भागवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जुना लॅपटॉप अजून घ्यायचाच असेल तर केवळ इंटेल ग्राफिक्स असलेला घ्यावा. दुकानदार जादा ग्राफिक्स कार्डाचे कौतुक करील, पण या प्रणालीवर ते कार्ड बहुतेक वेळा बॅटरी खाण्यापलीकडे उपयोगी पडत नाही.

ग्राफिक्सचे हे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमधून फ्रीबीएसडीत आणलेले आहेत आणि ते मूळ प्रणालीबरोबर येत नाहीत. ‘पीकेजी इन्स्टॉल डीआरएम-केमॉड’ या आज्ञेने ते आणि त्यांना लागणारे फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम) उतरते. उतरल्यावर लगेच सुरुवातीच्या फायलीत नोंद करू नये. आधी हाताने ‘केएलडीलोड आय९१५केएमएस’ ही आज्ञा देऊन पाहावी. पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो तेव्हा तीच अक्षरे एकदम बारीक आणि रेखीव झालेली असतात, ओळीत पूर्वीपेक्षा बरीच जास्त मावतात. हे दिसले म्हणजे कर्नलने पॅनेलचे खरे रिझोल्यूशन ओळखले आणि पहिला थर बसला. अक्षरे होती तशीच जाडीभरडी राहिली तर ‘डीमेसेज’ या आज्ञेच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. फर्मवेअर सापडले नाही किंवा मॉड्यूल कर्नलशी जुळत नाही, यांपैकी एक तक्रार तिथे असते. डीमेसेज हे नाव उच्चारासाठी लिहिले आहे, टंकताना डी-एम-इ-एस-जी एवढीच पाच अक्षरे.

मॉड्यूल आणि कर्नल यांचा मेळ हा या सबंध कामातला सर्वांत नाजूक भाग आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. कर्नलची मॉड्यूले ज्या कर्नलसाठी बांधली त्याच्याशीच नीट जुळतात. प्रणाली १४ च्या एका उपआवृत्तीवरून पुढच्या उपआवृत्तीवर नेली आणि ग्राफिक्सचे पॅकेज मागच्या उपआवृत्तीसाठी बांधलेले राहिले, तर काल चालणारा पडदा आज काळा राहू शकतो, आणि वापरणाऱ्याला वाटते की एक्स सर्व्हर बिघडला. अशा वेळी दोन उपाय आहेत. नव्या उपआवृत्तीसाठीचे पॅकेज आले असेल तर ते पुन्हा सक्तीने बसवावे, म्हणजे ‘पीकेजी इन्स्टॉल’ नंतर ‘-एफ’ जोडून तेच नाव द्यावे. ते आले नसेल तर कर्नलचा स्रोत यूएसआर/एसआरसी या ठिकाणी उतरवून डीआरएम-केमॉड हे पोर्ट्समधून, म्हणजे स्रोतापासून पॅकेज बांधण्याच्या संग्रहातून, आपल्याच यंत्रावर बांधावे. जुन्या लॅपटॉपला याला वेळ लागतो, पण मेळाचा प्रश्न उरत नाही. म्हणूनच प्रणालीची उपआवृत्ती बदलण्याआधी बूट एन्व्हायर्न्मेंटची नवी प्रत ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला काही सादर करायचे असेल तर आदल्या रात्री असला बदल न करणे, ही दोन्ही शहाणपणाची कामे आहेत.

हाताने भरलेले मॉड्यूल नीट चालले की ते कायमचे करावे. त्यासाठी ‘सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस’ ही आज्ञा आहे; पहिला शब्द एस-वाय-एस-आर-सी असा. ही आज्ञा इटीसी निर्देशिकेतल्या आरसी.कॉन्फ या फायलीत नोंद करते. बूट निर्देशिकेतल्या लोडर.कॉन्फमध्ये हे मॉड्यूल भरावे असा सल्ला जुन्या लिखाणात आढळतो, तो पाळू नये. इतक्या लवकर हे मॉड्यूल भरले तर यंत्र सुरू होतानाच अडकू शकते. आरसी.कॉन्फमधल्या नोंदीनेही अडकले तर सुरुवातीच्या मेनूत सिंगल यूझर निवडावे. त्या अवस्थेत आरसी.कॉन्फ अंमलात येत नाही, त्यामुळे ग्राफिक्सचे मॉड्यूल भरलेच जात नाही. ‘माउंट -यू /’ अशी आज्ञा देऊन मूळ विभाग लिहिण्याजोगा करावा आणि नोंद काढून टाकावी.

या थराचे शेवटचे काम छोटे असले तरी हमखास विसरले जाते. सामान्य वापरकर्त्याला ग्राफिक्सच्या उपकरणावर हक्क मिळावा म्हणून त्याला व्हिडिओ नावाच्या गटात घालावे लागते. ‘पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम’ आणि पुढे आपले वापरकर्ता-नाव, एवढेच. नंतर एकदा लॉग आउट होऊन पुन्हा आत यावे, कारण गटाचा बदल चालू सत्राला लागू होत नाही. ही पायरी गाळली तर पडदा दिसतो, पण व्हिडिओ अडखळत चालतो आणि प्रोसेसर तापतो, कारण सगळे रेखाटन ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर पडते.

दुसरा थर एक्स सर्व्हरचा. एक्स विंडो प्रणालीचा जन्म १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत झाला आणि तिची ११ वी आवृत्ती, जी आजही चालते, १९८७ सालची आहे. इतक्या जुन्या गोष्टीभोवती सल्ल्यांचा ढीग साचणे साहजिक आहे, आणि त्यातला बराच आता निरुपयोगी आहे. विशेषतः एक्सऑर्ग.कॉन्फ नावाची लांबलचक फाइल लिहावी, तिच्यात मॉनिटरच्या आडव्या-उभ्या वारंवारिता भराव्यात, हा सल्ला काच-नळीच्या मॉनिटरांच्या काळातला आहे. आज पॅनेल स्वतःची माहिती स्वतः सांगते आणि सर्व्हर ती वाचतो. ‘पीकेजी इन्स्टॉल एक्सऑर्ग’ ही आज्ञा द्यावी आणि एकही ओळ न लिहिता आपल्या सामान्य वापरकर्त्याच्या खात्यातून ‘स्टार्टएक्स’ म्हणावे. इंटेलसाठी एक्सएफ८६-व्हिडिओ-इंटेल हे जुने पॅकेज मुद्दाम बसवू नये. सर्व्हरमध्येच असलेला मोडसेटिंग ड्रायव्हर पुरेसा आहे.

सगळे ठीक असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर एक घड्याळ आणि काही पांढऱ्या टर्मिनल-खिडक्या दिसतात. रूप अगदीच ओबडधोबड आहे म्हणून निराश होऊ नये. ही ट्वम नावाच्या जुन्या खिडकी-व्यवस्थापकाची चाचणीपुरती मांडणी आहे. इथे तीन गोष्टी तपासाव्यात: माऊसचा बाण हलतो का, कळा उमटतात का, आणि ‘एक्सरॅंडआर’ या आज्ञेत पॅनेलचे खरे रिझोल्यूशन तारांकित दिसते का. नाव एक्स-आर-ए-एन-डी-आर असे टंकावे. बाहेर पडण्यासाठी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या मोठ्या टर्मिनलमध्ये ‘एक्झिट’ टंकावे. ती खिडकी मिटली की सर्व्हरही थांबतो.

पडदा काळाच राहिला तर यंत्र बटण दाबून बंद करण्याआधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ एकदम दाबावे. बहुतेक वेळा अक्षरांचा पडदा परत येतो. एक्सचा पडदा नवव्या आभासी पडद्यावर असतो, म्हणून तिकडे परत जायचे तर एफ९. मग व्हार/लॉग या निर्देशिकेतली एक्सऑर्ग.०.लॉग ही फाइल उघडावी. तिच्या नावातला एक्स मोठा आहे. ही फाइल शेकडो ओळींची असते, पण सगळी वाचायची नसते. कंसात दोन मोठे ई असलेल्या ओळी तेवढ्या शोधाव्यात, त्या चुकांच्या आहेत. दोन डब्ल्यूच्या ओळी इशाऱ्यांच्या आहेत आणि त्या चांगल्या चालणाऱ्या यंत्रातही भरपूर असतात. चुकीची पहिली ओळ महत्त्वाची, कारण पुढच्या बहुधा तिचेच परिणाम असतात. ‘नो स्क्रीन्स फाउंड’ ही शेवटी येणारी ओळ सगळ्यांना दिसते आणि सगळे तीच शोधत बसतात, पण तिच्यातून काहीच कळत नाही; पडदा का सापडला नाही हे तिच्या वर लिहिलेले असते. ड्रायव्हर काही केल्या चालत नसेल आणि काम आजच हवे असेल, तर यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरने सुरू होणाऱ्या यंत्रावर एक्सएफ८६-व्हिडिओ-एससीएफबी हे पॅकेज बसवून तात्पुरता पडदा मिळवता येतो. त्यात वेग नाही आणि बाहेरचा प्रोजेक्टर नाही, पण लिहिणे-वाचणे होते.

तिसऱ्या थरात निवड आवडीची आहे, आणि जुन्या यंत्रासाठी माझी पसंती एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपला आहे. ‘पीकेजी इन्स्टॉल एक्सएफसीई’ आणि मग डेस्कटॉपच्या प्रोग्रामांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या डीबस सेवेसाठी ‘सिसआरसी डीबस_एनेबल=येस’, त्यापाठोपाठ ‘सर्व्हिस डीबस स्टार्ट’. यातला येस मोठ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे. घरच्या निर्देशिकेत ठिपक्याने सुरू होणारी एक्सआयनिटआरसी नावाची फाइल करून तिच्यात ‘एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४’ एवढी एकच ओळ लिहिली की स्टार्टएक्स आता पूर्ण डेस्कटॉप उघडते. नावानिशी लॉगिनचा पडदा हवा असेल तर लाइटडीएम आणि त्याचे जीटीके ग्रीटर बसवावे, पण हे चार-सहा दिवस डेस्कटॉप बिनतक्रार चालल्यावर करावे. लॉगिनचा पडदा आपोआप सुरू होऊ लागला की खालच्या थरातला दोष शोधणे अवघड होते.

चौदा इंची पॅनेलवर १९२० बाय १०८० रिझोल्यूशन असेल तर इंचाला सुमारे १५७ ठिपके पडतात, आणि एक्स सर्व्हर मात्र ९६ धरून चालतो. अक्षरे मुंगीएवढी दिसतात ती यामुळे. एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये अपिअरन्सखाली फाँट या टॅबवर डीपीआय (इंचाला ठिपके) स्वतः देता येतो. १२० पासून सुरुवात करावी. जुने पंधरा इंची, १३६६ बाय ७६८ चे पॅनेल असेल तर काहीच बदलायला नको. उजेडासाठी ‘बॅकलाइट ४०’ अशी आज्ञा मूळ प्रणालीतच आहे.

आता चौथा थर, जो इंग्रजी मार्गदर्शनात जवळपास नसतोच आणि आपल्याला त्याच्यावाचून चालत नाही. ब्राउझर उघडून मराठी पान पाहिले की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतील. ‘पीकेजी इन्स्टॉल नोटो’ या आज्ञेने नोटो कुटुंबातले फाँट येतात, त्यात देवनागरीही आहे. मुक्तासारखा दुसरा मुक्त परवान्याचा फाँट आवडत असेल तर त्याची फाइल घरच्या निर्देशिकेतल्या .लोकल/शेअर/फाँट्स या ठिकाणी ठेवून ‘एफसी-कॅश -एफ’ द्यावे. मग ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ या आज्ञेत मराठी येणाऱ्या फाँटांची यादी दिसते.

यादीत नाव दिसले म्हणजे अक्षरे नीट जुळतात असे मात्र नाही. लिबरऑफिसमध्ये नवे पान उघडून त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, दिंडोरी, दऱ्या, ऱ्हास आणि ॲप हे शब्द लिहून पाहावेत. त्र्यंबकेश्वरातले जोडाक्षर फुटून हलन्त दिसत नाही ना, सप्तशृंगीतला शृ सुटा पडत नाही ना, दऱ्यातला अर्धा र डोक्यावर रफार होऊन बसत नाही ना, हे पाहावे. ॲ हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे फार जुन्या फाँटात त्याच्या जागी चौकोन येतो. काही फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे लिबरऑफिसला सांगितले तरच ते उमटतात. हिंदी वळणाचा श दिसत असेल तर फाँट बदलण्याआधी भाषेची नोंद तपासावी. एक्सटर्ममध्ये जोडाक्षरे तुटकी दिसतात, तो फाँटाचा दोष नव्हे. ते टर्मिनल अशा जुळणीसाठी बनलेलेच नाही.

टंकनासाठी एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट या टॅबवर प्रणालीचे ठरलेले मूल्य वापरण्याची खूण काढून इंग्रजीसोबत भारतीय लेआउट जोडावा. इन्स्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कळफलक शिकलेल्यांनी देवनागरीचा नेहमीचा पर्याय घ्यावा. उच्चारानुसार टंकणाऱ्यांना मराठी कागपा हा पर्याय यादीतच मिळतो. इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी विंडोजची कळ आणि स्पेस ही जोडी ठेवावी. इन्स्क्रिप्टवर दऱ्यातला ‘ऱ्य’ हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. नुसता जे दाबला तर ‘र्य’ होतो आणि दऱ्याखोऱ्यांऐवजी दर्याखोर्या उमटतात. शासकीय पत्रव्यवहार करणाऱ्यांनी तरी ही कळ एकदा बोटात बसवून घ्यावी.

प्रोजेक्टर जोडण्याची वेळ बहुतेकांवर येते. पंचवटीतला क्लास असो की कुसुमाग्रज स्मारकातले विशाखा सभागृह, केबल लावल्यावर आधी ‘एक्सरॅंडआर’ म्हणावे आणि कोणत्या नावापुढे कनेक्टेड आहे ते वाचावे. मोडसेटिंग ड्रायव्हरवर नावे ईडीपी-१, एचडीएमआय-१ अशी असतात. जुन्या इंटेल ड्रायव्हरवर मधली आडवी रेघ नसते, म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावरून उतरवलेली आज्ञा आपल्याकडे चालत नाही. दोन्हीकडे एकच चित्र हवे असेल तर एचडीएमआय-१ ला ‘सेम-अ‍ॅज ईडीपी-१’ सांगावे, आणि टिपणे लॅपटॉपवर ठेवून फक्त सादरीकरण भिंतीवर दाखवायचे असेल तर ‘राइट-ऑफ’. व्हीजीएच्या लांब, जुन्या केबलमधून प्रोजेक्टरची माहिती कधीकधी पोचतच नाही आणि मग १०२४ बाय ७६८ एवढाच पर्याय दिसतो. त्यावर सादरीकरण निभते, त्यामुळे सभागृहात उभे राहून नवा मोड बनवण्याचा खटाटोप करू नये. त्याऐवजी सादरीकरणाचे अक्षर मोठे ठेवावे आणि कार्यक्रमाआधी अर्धा तास पोचून तिथल्याच केबलवर एकदा पाहून घ्यावे.

झाकण मिटल्यावर यंत्र झोपावे असे वाटत असेल तर आधी ‘एसीपीआयकॉन्फ -एस ३’ ही आज्ञा हाताने देऊन यंत्र झोपते आणि पडद्यासह परत उठते का हे पाहावे. सर्व फायली जतन करूनच हा प्रयोग करावा. पडदा परतला तर ‘सिसकंट्रोल’ने एचडब्ल्यू.एसीपीआय.लिड_स्विच_स्टेट या नोंदीला एस३ हे मूल्य द्यावे आणि तीच ओळ सिसकंट्रोल.कॉन्फमध्ये लिहावी, आज्ञेचे खरे स्पेलिंग एस-वाय-एस-सी-टी-एल, आणि एस३ मधला एस मोठा. पडदा परतला नाही तर झाकणाचा विषय सोडून द्यावा आणि यंत्र बंद करण्याचीच सवय ठेवावी.